अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि न सापडलेली गोळी

(द्वितीय वर्ष, कला)

गुप्तधनाच्या गोष्टी ज्या गावात सांगितल्या जात नाहीत, असे गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. पडक्या वाड्याच्या जोत्याखाली पुरलेला मोहरांचा हंडा, त्यावर बसलेला नाग आणि तो हंडा दिसावा म्हणून लांबून शोधून आणलेला पायाळू माणूस, हे सारे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या गावीही अशा गोष्टी आहेत. आता काळ बदलला आणि पायाळूची जागा यंत्राने घेतली. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा माझ्या चुलतभावाने, दादाने, मला एकीकडे बोलावून मोबाईलवर धातुशोधक यंत्रांची चित्रे दाखवली. लांब दांडा, खाली ताटलीसारखी चकती. जमिनीवरून फिरवत जायचे आणि खाली धातू असला की आवाज येतो. सोयाबीनच्या पैशांतून त्याने थोडी रक्कम बाजूला काढून ठेवली होती. स्वस्तातले पण खात्रीचे यंत्र कोणते, ते मी सांगावे अशी त्याची इच्छा होती. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळेच ठाऊक असणार असा घरच्यांचा समज आहे आणि तो मोडण्याचे धैर्य मला झाले नाही.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. यंत्रातले मला काय कळणार? तरी सुट्टी संपल्यावर ग्रंथालयात बसून शोध घेऊ लागले, तेव्हा या यंत्राच्या मुळाशी टेलिफोनवाले बेल निघाले! शाळेच्या पुस्तकात बेल यांचा धडा एका ओळीत संपतो. टेलिफोनचा शोध कोणी लावला, या प्रश्नाचे ते एक उत्तर असते. परंतु याच माणसाने एका मरणासन्न माणसाच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी काही आठवड्यांत एक यंत्र उभे केले होते. ते यंत्र चांगले होते आणि तरीही गोळी सापडली नाही. असे का झाले, हे वाचताना दादाच्या प्रश्नाचे उत्तरही मला तेथेच मिळाले. म्हणून बेल यांचे चरित्र त्या बाजूने सांगावेसे वाटते.

* * *

अलेक्झांडर बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो या शहरात झाला. ‘ग्रॅहम’ हे मधले नाव त्यांना अकराव्या वर्षी मिळाले. त्यांच्या घराण्याचा व्यवसायच आवाजाचा. आजोबा लंडनमध्ये शुद्ध उच्चार शिकवीत आणि वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनीही तोच व्यवसाय पुढे चालवला. वडिलांनी उच्चारांची एक लिपी तयार करून १८६७ साली प्रसिद्ध केली. ओठ, जीभ व घसा यांच्या हालचाली दाखवणाऱ्या या चिन्हांवरून कोणत्याही भाषेतला उच्चार जसाच्या तसा काढता येई.

ज्या घरात आवाजाचे एवढे माहात्म्य, त्याच घरात आईला मात्र ऐकू येत नव्हते. एलायझा बेल यांची श्रवणशक्ती फार मंदावली होती. इतर लोक त्यांच्या कर्ण्यात मोठ्याने ओरडत. छोटा अलेक्झांडर मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, घुमणाऱ्या आवाजात बोले आणि ते तिला समजे. आवाज म्हणजे कंपन आहे आणि कान नसले तरी ते कंपन दुसऱ्या वाटेने पोहोचवता येते, हा धडा त्यांनी पुस्तकाआधी घरात गिरवला. पुढच्या साऱ्या शोधांचे बीज मला या दृश्यात दिसते.

लहानपणापासून हातांना काही करून पाहण्याची खोड होती. बाराव्या वर्षाच्या सुमारास मित्राच्या वडिलांच्या गिरणीत गव्हावरचे टरफल काढण्यासाठी त्यांनी ब्रश आणि फिरती पाती जोडून एक साधन केले. पुढे भावाच्या मदतीने बोलणारे कृत्रिम डोके बनवले. भात्याने वारा घातला की त्यातून लहान मुलाने आईला हाक मारावी तसा आवाज निघे. शाळेत मात्र त्यांचे फारसे लक्ष नव्हते. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि वर्षभर ते लंडनला आजोबांकडे राहिले. आजोबांच्या शिस्तीत वाचनाची गोडी लागली व सोळाव्या वर्षी एल्गिन येथील शाळेत ते स्वतःच शिकवू लागले.

मग घरावर एकामागून एक आघात झाले. धाकटा भाऊ एडवर्ड १८६७ मध्ये क्षयाने गेला आणि १८७० मध्ये थोरला मेलव्हिल त्याच रोगाने गेला. तीन मुलांपैकी एकच उरला आणि त्याचीही प्रकृती नाजूक. आईवडिलांनी मायदेश सोडण्याचे ठरवले. १८७० साली हे कुटुंब समुद्र ओलांडून कॅनडात ब्रँटफर्ड गावी येऊन राहिले. मोकळ्या हवेत तरुण बेल यांची प्रकृती सुधारली.

* * *

१८७१ साली बेल अमेरिकेत बोस्टन शहरी आले आणि मूकबधिर मुलांच्या शाळेत वडिलांची उच्चारलिपी शिकवू लागले. दोन वर्षांत बोस्टन विद्यापीठात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. मरेपर्यंत ते स्वतःला प्रथम बधिरांचे शिक्षक मानीत, हे आपण विसरतो. त्यांच्या विद्यार्थिनींपैकी एक मेबल हबर्ड. लाल ज्वराने पाचव्या वर्षी तिची श्रवणशक्ती गेली होती. ११ जुलै १८७७ रोजी हीच मेबल त्यांची पत्नी झाली.

दिवसा शिकवणे आणि रात्री प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. एका तारेवरून एकाच वेळी अनेक तारसंदेश पाठवता यावेत यासाठी त्यांची खटपट चालली होती. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचा ग्रंथ वाचताना त्यांनी एक चूक केली होती. स्वरांचे आवाज तारेवरून पाठवण्यात हेल्महोल्ट्झ यशस्वी झाले आहेत, असा त्यांचा समज झाला. जर्मन भाषा नीट न येण्याचा हा परिणाम! पण दुसऱ्याला जमले आहे म्हणजे आपल्यालाही जमेल, या विश्वासाने ते पुढे गेले. इंग्रजी ग्रंथ वाचताना आपली जी तारांबळ उडते, तिच्यावर मला हा मोठा दिलासा वाटला.

यंत्रकाम करणारा थॉमस वॉटसन हा कुशल तरुण त्यांना मदतनीस म्हणून मिळाला. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी टेलिफोनच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज गेला, ७ मार्चला तो मंजूर झाला आणि १० मार्च रोजी शेजारच्या खोलीतील वॉटसनला बेल यांची हाक तारेतून ऐकू आली. एलिशा ग्रे यांनीही त्याच दिवशी त्याच कचेरीत आपला दावा दाखल केला होता. त्यावरून आणि इतर दाव्यांवरून सुमारे सहाशे खटले झाले. १८८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेल यांचा हक्क उचलून धरला. श्रेयाचा हा वाद अभ्यासक अजूनही घालतात. १४ जानेवारी १८७८ रोजी बेल यांनी राणी व्हिक्टोरियासमोर टेलिफोनचे प्रात्यक्षिक केले. १८८२ साली आपल्या मुंबईतही टेलिफोन केंद्र उघडले.

१८८० साली फ्रान्सने त्यांना पन्नास हजार फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक दिले. त्या पैशांतून त्यांनी वॉशिंग्टन येथे प्रयोगशाळा काढली आणि समनर टेंटर या सहकाऱ्याबरोबर प्रकाशाच्या किरणावरून बोलणे पाठवण्याचे प्रयोग केले. वय अवघे तेहतीस. पैसा, कीर्ती, संसार सारे मिळालेले. येथेच चरित्र संपवले तर ते यशाचे चरित्र होईल.

* * *

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर चार्ल्स गिटो नावाच्या माथेफिरूने दोन गोळ्या झाडल्या. गारफिल्ड हे ओहायोतल्या लाकडी झोपडीत जन्मलेले, वडिलांविना वाढलेले, कालव्यावरच्या नावेवर राबलेले आणि शिकून कॉलेजचे प्रमुख झालेले गृहस्थ. अध्यक्षपदावर येऊन त्यांना चारच महिने झाले होते. एक गोळी दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीतून आत शिरली आणि शरीरात कोठेतरी अडकून राहिली.

ती कोठे आहे, हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. मुख्य डॉक्टर ब्लिस आणि इतर डॉक्टर जखमेत बोटे आणि सळया घालून गोळी चाचपत होते. स्कॉटलंडमध्ये लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत १८६७ मध्येच जगापुढे मांडली होती. पण अमेरिकेतल्या पुष्कळ डॉक्टरांना ती पटली नव्हती. न धुतलेल्या हातांनी जखम दूषित होत गेली.

वृत्तपत्रांतून रोज रुग्णाची हकिगत येई. ती वाचून बेल अस्वस्थ झाले. त्यांना एक जुना अनुभव आठवला. टेलिफोनच्या तारांत शेजारच्या तारांमुळे खरखर होई. ती घालवण्यासाठी तारेची वेटोळी विशिष्ट रीतीने मांडली की आवाज थांबे. पण धातूचा तुकडा जवळ आला की तो पुन्हा उमटे. डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये याच तत्त्वावर एक तराजू तयार केला होता. वजनाऐवजी तो विजेच्या प्रवाहांचा तोल साधत असे. या तत्त्वावर शरीरातली गोळी का शोधू नये?

हे तत्त्व समजायला अवघड नाही. तारेची दोन चपटी वेटोळी घ्यायची. एकातून विजेचा सतत तुटणारा-जुळणारा प्रवाह सोडायचा आणि दुसरे टेलिफोनच्या कर्ण्याला जोडायचे. पहिल्यामुळे दुसऱ्यात वीज निर्माण होऊन कर्ण्यात गुणगुण ऐकू येते. आता दोन्ही वेटोळी एकमेकांवर थोडी सरकवत गेले की एक जागा अशी येते, जेथे सारे परिणाम परस्परांना छेद देतात आणि कर्णा गप्प होतो. हा झाला तोल. अशा वेळी धातू जवळ आला की त्याच्या अंगात लहान भोवऱ्यांसारखे प्रवाह फिरू लागतात, तोल बिघडतो आणि कर्णा बोलू लागतो. आईच्या कपाळाशी बोलणाऱ्या मुलाने मुक्या धातूलाही वाचा दिली, असे म्हणावेसे वाटते.

बेल आणि टेंटर यांनी जुलैच्या उन्हाळ्यात रात्रंदिवस काम केले. मांसाच्या तुकड्यात गोळ्या लपवून यंत्र पारखले. मग यादवी युद्धातील गोळ्या अंगात बाळगत जगणाऱ्या जुन्या सैनिकांवर प्रयोग केले. यंत्राने गोळ्या दाखवल्या. मात्र एक गोष्ट त्यांना ठाऊक होती: काही इंचांपलीकडे यंत्राचा कान पोहोचत नाही. शिसे तांब्यासारखे विजेचे चांगले वाहक नाही, त्यामुळे त्याची चाहूल आणखी मंद लागते.

२६ जुलै रोजी अध्यक्षांच्या निवासस्थानी, व्हाइट हाउसमध्ये, पहिला प्रयत्न झाला आणि कर्ण्यात नुसती खरखर ऐकू आली. घरी येऊन पाहतात तो घाईत एक जोडणी चुकली होती. १ ऑगस्टला पुन्हा गेले. या वेळी यंत्र ठीक होते, पण जखमेच्या भोवतालच्या बऱ्याच मोठ्या भागावर मंद आवाज येत राहिला. एका जागी ठळकपणे येईना. दुसऱ्या दिवशी कळले, की रुग्णाच्या गादीखाली पोलादी तारांची जाळी होती.

त्या जाळीनेच यंत्राला फसवले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. गोष्ट म्हणून ते चटकदार आहे. परंतु बेल यांनी स्वतः तशीच जाळी मागवून पडताळा घेतला. एवढ्या मोठ्या जाळीमुळे आवाज आला असता तर तो सगळ्या बिछान्यावर यायला हवा होता. तो तसा आला नव्हता. त्यामुळे जाळीला दोष देणे त्यांना बरोबर वाटले नाही.

मग चूक कोठे होती? गोळी शरीराच्या उजव्या बाजूस आहे, असे डॉक्टर ब्लिस यांनी आधीच जाहीर केले होते. त्यामुळे उजवी बाजूच तपासली गेली. डाव्या बाजूला यंत्र फिरवलेच नाही. इतकेच नव्हे, तर तो मंद अस्पष्ट आवाज म्हणजे आपल्याच मताचा पुरावा, असे डॉक्टरांनी लोकांना कळवून टाकले. १९ सप्टेंबर १८८१ रोजी न्यू जर्सीच्या समुद्रकाठी गारफिल्ड यांचे निधन झाले. शवविच्छेदनात गोळी पाठीच्या कण्याच्या डाव्या बाजूला, खोल आत मिळाली. ती स्वतःहून प्राण घेणारी नव्हती, जंतुदोषाने ते गेले, असे आज बहुतेक वैद्यकीय अभ्यासक मानतात.

* * *

या उन्हाळ्याने बेल यांच्या घरातूनही एक बळी घेतला. १५ ऑगस्ट १८८१ रोजी मेबलला दिवस भरण्याआधीच मुलगा झाला. त्याला श्वास घेता येईना आणि काही तासांतच तो गेला. एडवर्ड हे त्याचे नाव. क्षयाने गेलेल्या भावाचेच हे नाव होते. बेल त्या दिवसांत यंत्र सुधारण्याच्या कामात गढलेले होते. दुसऱ्याचा जीव वाचवण्याच्या धडपडीत असताना आपले मूल जावे, याचे दुःख काय असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

बेल थांबले नाहीत. श्वास न घेऊ शकणाऱ्यांसाठी त्यांनी छातीभोवती बसवण्याचे हवाबंद कवच तयार केले. भात्याने त्यातली हवा कमी-जास्त केली की छाती फुगे आणि बसे. पोलिओच्या रुग्णांसाठी १९२८ साली जे लोखंडी फुप्फुस आले, त्याचे हे पूर्वरूप होते. गोळी शोधण्याचे कामही त्यांनी सोडले नाही. बारीक सुई टेलिफोनला जोडून त्यांनी असे साधन केले, की सुईचे टोक गोळीला लागताच डॉक्टरच्या कानात टिकटिक व्हावी. १८८२ साली शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी गारफिल्ड प्रकरणातील सर्व प्रयोग, चुकांसह, मांडले. पुढे १८८६ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाने शस्त्रवैद्यकाला केलेल्या या मदतीबद्दल त्यांना सन्मान्य वैद्यकीय पदवी दिली. जे यंत्र वृत्तपत्रांनी हसण्यावारी नेले, त्याच कामासाठी हा मान मिळाला!

पुढचे आयुष्य त्यांनी कॅनडातील नोव्हा स्कोशियात बॅडेक गावाजवळ पुष्कळसे घालवले. तेथे त्यांनी चौफलकी पतंग उडवले आणि तरुणांना घेऊन विमाने बनवली. २३ फेब्रुवारी १९०९ रोजी त्यांच्या मंडळींचे ‘सिल्व्हर डार्ट’ हे विमान तेथील गोठलेल्या तळ्यावरून उडाले. १९१९ साली त्यांच्या जलयानाने ताशी सत्तर मैलांहून अधिक वेग गाठून विक्रम केला. हेलन केलर या अंध-बधिर मुलीच्या शिक्षणाची वाट त्यांनीच तिच्या आईवडिलांना दाखवून दिली आणि हेलनने १९०३ साली आपले आत्मचरित्र त्यांनाच अर्पण केले. २ ऑगस्ट १९२२ रोजी बेल यांनी जगाचा निरोप घेतला. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट मुके झाले होते.

थोरांच्या चरित्रात फक्त फुले वाहायची, ही आपली सवय. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र खरे होणार नाही. बधिर मुलांनी हातांच्या खुणांची भाषा वापरू नये, ओठ वाचून बोलायलाच शिकावे, असा बेल यांचा आग्रह होता. बधिरांनी बधिरांशी विवाह केल्याने बधिरांची वेगळी जात निर्माण होईल, अशी भीती त्यांनी १८८३ मध्ये विद्वानांच्या सभेत मांडली. अनेक देशांत शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली, त्यामागे त्यांच्यासारख्यांचे वजन होते. बधिर समाज आजही त्यांना याबद्दल माफ करत नाही. आई आणि पत्नी दोघी बधिर असलेल्या या माणसाने बधिरांचे म्हणणे मात्र पुरते ऐकून घेतले नाही. डॉक्टर ब्लिस यांनी डावी बाजू तपासू दिली नाही. बेल यांनीही या एका बाबतीत दुसरी बाजू तपासली नाही. बुद्धिमान माणसालाही हा दोष चुकत नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

* * *

बेल यांचा विजेचा तराजू त्यांच्या मागे जगात फिरत राहिला. गेरहार्ड फिशर या जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या अभियंत्याने १९३० नंतरच्या दशकात हातात धरून चालण्याजोगे यंत्र विकायला काढले. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने जमिनीतले सुरुंग शोधणारे यंत्र केले, तेही बेल यांच्या जन्मभूमीत, स्कॉटलंडमध्ये! १९४२ च्या अल अलामीनच्या लढाईत अशी सुमारे पाचशे यंत्रे वापरली गेली. कोसात्स्कींनी त्याचा स्वामित्वहक्क घेतला नाही.

युद्धानंतर हे यंत्र छंद म्हणून सामान्यांच्या हाती आले. इंग्लंडमधील सफक परगण्यात १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज नावाचे गृहस्थ मित्राची शेतात हरवलेली हातोडी शोधायला गेले आणि त्यांना रोमन काळातील ठेवा लागला. त्यात सुमारे पंधरा हजार नाणी निघाली. त्यांनी लोभाने सगळे खणले नाही, अधिकाऱ्यांना कळवले. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना सारा ठेवा मूळ जागी, होता तसा अभ्यासता आला. लॉज यांना मिळालेले मोठे बक्षीस त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. ती हातोडीही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये सॅक्सन काळातील सोन्याचा प्रचंड ठेवा एकाला सापडला, तोही जुन्या यंत्राने. याउलट, खेळण्यातला गोल्फचा चेंडू शोधक बॉम्ब शोधणारे यंत्र म्हणून इराकसारख्या देशांना अफाट किमतीत विकणाऱ्या एका इंग्रज व्यापाऱ्याला २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या यंत्रात काही शोधणारे असे काहीच नव्हते. किमतीवरून यंत्राची पारख होत नाही, हे यावरून कळते.

दादाला मी जे सांगितले ते असे. स्वस्त यंत्रातही तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, लोखंड आणि इतर धातू यांच्या आवाजात फरक करण्याची सोय. नाहीतर दिवसभर खिळे आणि पत्रे उकरत बसावे लागेल. दुसरी, मातीशी तोल जुळवण्याची सोय. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची. तिच्यात लोहाचे चुंबकीय कण असतात आणि तोल जुळला नाही तर मातीच ओरडू लागते. समुद्राच्या खारट वाळूचीही तीच तऱ्हा. तिसरी, चकतीचा आकार. आठ ते अकरा इंच व्यासाची चकती नवख्याला पुरे. तिने नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीवर कळते. वीस-वीस फूट खोल सोने दाखवण्याच्या जाहिराती वाचून हसावे आणि पान उलटावे. कानाला लावण्याचा कर्णा जरूर घ्यावा, कारण मंद आवाज तेथेच कळतो. यंत्र आणल्यावर आधी स्वतःच्या अंगणात नाणी, खिळे, डब्यांची झाकणे पुरून आठ-पंधरा दिवस कान तयार करावा. बेल यांनी मांसात गोळ्या पुरल्या होत्या, त्यातलाच हा प्रकार.

यंत्रापेक्षा जागा महत्त्वाची, हेही सांगितले. स्वतःच्या किंवा मालकाने परवानगी दिलेल्या रानातच ते चालवावे. किल्ले, लेणी, जुनी देवळे अशा संरक्षित जागी परवानगीशिवाय उकरणे हा गुन्हा आहे. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १८७८ सालच्या कायद्याने तसे न करणाऱ्यास वर्षापर्यंतची कैद होऊ शकते. राणीने टेलिफोन ऐकला, त्याच वर्षीचा हा कायदा. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांना तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने आळा घातला आहे.

दादाने शेवटी विचारले, की मग आपल्या पडक्या वाड्यात हंडा आहे की नाही? तो आहे असे आधीच ठरवून यंत्र आणणार असशील तर आणू नकोस, असे मी सांगितले. कारण मग जो आवाज येईल तो हंड्याचाच वाटेल. डॉक्टर ब्लिस यांना तसेच वाटले होते. यंत्र खरे बोलते, पण जेथे धराल तेथलेच बोलते. दादा थोडा हिरमुसला. पैसे अजून त्याच्याजवळच आहेत. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. विहिरीत पडलेला पंपाचा पान्हा अशा यंत्राने शोधता येईल का, असे तो विचारत होता. लॉज यांची हातोडी मला आठवली, आणि येईल, असे मी त्याला सांगितले.